आबांच्या हाताचं माप

आमच्या कारखान्यात कोणी 'हात आण' असं ओरडलं, की नवीन आलेला कामगार स्वतःचे दोन्ही हात पुढे करतो. सगळे हसतात. मग कोणीतरी कोपऱ्यातली एक लोखंडी पट्टी आणून त्याच्या हातात देतं आणि सांगतं, हा हात. आबांचा.

आबा म्हणजे माझे आजोबा. रिसोड रस्त्याला मळणीयंत्रांचा हा कारखाना त्यांनी घातला. कारखाना हा शब्दसुद्धा जरा मोठाच झाला. दोन शेड, तीन वेल्डिंग मशिन, एक म्हातारं लेथ आणि पावसाळ्यात दारात गुडघाभर चिखल, एवढा आमचा पसारा. पण आमचा थ्रेशर रस्त्यानं चालला की लोक लांबून ओळखतात. त्याला 'दोन बोट्या' म्हणतात, कारण प्रत्येक मशिनच्या पुढच्या पत्र्यावर लाल रंगात एक पंजा छापलेला असतो. त्याला फक्त अंगठा आणि करंगळी. मधली तीन बोटं नाहीत.

ती तीन बोटं आबांनी स्वतः बनवलेल्या पहिल्याच मशिननं खाल्ली होती. त्या मशिनचं तोंड आखूड होतं. तोंड म्हणजे पत्र्याची लांबट वाट. तिच्यातून पेंढ्या आत ढकलायच्या, आणि आत लोखंडी दात्यांचा ड्रम फिरत असतो. दुसरा कोणी असता तर त्यानं धंदाच सोडला असता. आबांनी जखम भरल्यावर दोन गोष्टी केल्या. आपला अर्धा पंजा कागदावर ठेवून गिरवला आणि त्याचा छापा कापून घेतला. आणि ठरवलं, की यापुढे तोंड इतकं लांब करायचं, की माणसानं काखेपर्यंत हात घातला तरी तो दात्यांना पुरू नये. त्यासाठी आपल्या हाताचं माप घेऊन, वर चार बोटं जास्त धरून, त्यांनी ती पट्टी कापली. तेव्हापासून आमच्याकडे मशिनचं सगळं बदललं, ड्रम बदलला, चाळण्या बदलल्या, ज्वारी-हरभऱ्याच्या जागी सोयाबीन आलं. तोंडाची लांबी मात्र त्या पट्टीनंच मोजत आलो.

मशिन शेडबाहेर काढण्याआधी एक रीत असते. पट्टा उतरवायचा, म्हणजे ड्रम फिरणार नाही, आणि घेणाऱ्यानं तोंडात काखेपर्यंत हात घालायचा. बाबा शेजारी उभे राहून विचारतात, "पुरला का?" तो म्हणतो, "नाई पुरला." मग नारळ फुटतो. लहानपणापासून मी हे दोन शब्द इतक्या वेळा ऐकलेत, की मला ते मंगलाष्टकासारखे पाठ झालेत. कोणी 'पुरला' म्हणेल हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

एकदा अपघात झाला होता, नाही असं नाही. मी शाळेत असताना रिठदच्या एका माणसाची दोन बोटं आमच्या मशिनमध्ये गेली. बाबा पट्टी घेऊन तिथे गेले, सगळ्या गावासमोर तोंड मोजलं, आणि ते मापात बरोबर भरलं. "हात पुरतच नाई," बाबा म्हणाले, "पुरला तर माणूस शुद्धीवर नसन." तो बिचारा म्हणत राहिला, की मी पिलो नव्हतो. पण लोखंडाच्या पट्टीपुढे माणसाच्या शब्दाला कोण विचारतो? गावानं त्याला बेवडा ठरवून टाकलं. आमच्या घरी ही गोष्ट बाबा मोठ्या अभिमानानं सांगायचे, आणि मीही ती पाहुण्यांना सांगत आले.

मागच्या हंगामात, सोयाबीनची सोंगणी सुरू व्हायच्या सुमारास, मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा माणूस थ्रेशर न्यायला आला. साडेसहा फूट नसेल, पण शेडच्या बाजूच्या दारातून आत येताना तो वाकला, आणि आमच्या दारातून मी आजवर कोणाला वाकताना पाहिलं नव्हतं. दरवर्षी दिवाळीनंतर तो आईला घेऊन ऊस तोडायला जायचा आणि फडावर पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायचा. या वर्षी जायचं नाही, थ्रेशर भाड्यानं चालवायचा आणि घरीच राहायचं, असं त्यानं ठरवलं होतं. हे तो दहा मिनिटांत तीन वेळा म्हणाला. "मायले आता कोपीत राहू द्याचं नाई, ताई. लई झालं." हे तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याला चहा दिला.

मग त्यानं तोंडात हात घातला. बाबांनी विचारलं, "पुरला का?"

"पुरला," तो म्हणाला.

बाबा हसले. "खांदा आत घुसवला असन तुमी."

"नाई जी. दात्याले बोट लागून राह्यलं." आणि मग, आपण काहीतरी चुकीचं बोललो असं वाटून, तोच हसला. "महाच हात लंबा हाय. पोलिसात जायले पायजे होतं म्या."

सगळे हसले. बाबांनी नारळ फोडला. मी तिथेच उभी होते, पावतीचं पुस्तक हातात धरून. मी मेकॅनिकलची डिप्लोमावाली, बेअरिंगमध्ये केसाएवढा फरक पडला तरी कामगारांच्या डोक्यावर बसणारी. मी तोंड उघडलं नाही. बाबांच्या चार गिऱ्हाइकांपुढे बाबांना कसं टोकायचं, असं वाटलं. खरं सांगायचं तर तेवढंही वाटलं नाही. बाबा हसले म्हणून मीही हसले. ट्रॅक्टरच्या मागे थ्रेशर धडधडत वाशीमच्या दिशेनं गेला आणि मी पुढच्या कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात आल्या आल्या मी त्याला फोन लावला. काय बोलणार होते कोणास ठाऊक. फोन लागला नाही. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला, परत तेच. त्या आठवड्यात दोन दिवस परतीचा पाऊस झाला होता, म्हणजे सुडीतलं, कापून रचलेल्या ढिगातलं, सोयाबीन ओलं असणार. ओलं सोयाबीन तोंडातच गोळा होऊन अडकतं, आणि मग तोंडावरचा माणूस ते हातानं आत रेटतो. खांद्यापर्यंत रेटतो. हे मी शंभर वेळा पाहिलंय.

मी मिस्त्रीकाकांकडे गेले. मिस्त्रीकाका आबांच्या वेळेपासूनचे. आता डोळ्यांनी कमी दिसतं, वेल्डिंग करत नाहीत, पण रोज येतात आणि सगळ्यांच्या चुका काढतात. मी त्यांना विचारलं, "काका, ही पट्टी कापली तेव्हा माप कसं घेतलं होतं?"

"कसं म्हंजे? आबा त्या भितीले टेकून उभे राह्यले. हात लांब केला. म्या खडूनं खून केली काखेपासून बोटाच्या टोकावर."

"कोणता हात?"

"उजवा. मशिनले घास उजव्या हातानंच देते ना लोकं. आबा म्हने, ज्या हातानं काम, त्याच हाताचं माप."

त्यांच्या डोक्यावर, खिळ्याला, पंजाचा छापा टांगलेला होता. उजवा हात. अंगठा आणि करंगळी.

"काका," मी म्हणाले, "कोणत्या बोटाच्या टोकावर?"

मिस्त्रीकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान वर करून छाप्याकडे पाहिलं. "करंगळीच्या," ते म्हणाले.

मी माझा हात टेबलावर ठेवला आणि टेप लावला. करंगळीच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत दोन इंच. माझा हात बाईमाणसाचा. पुरुषाचा आणखी जास्त. आबांनी चार बोटं जास्त धरली होती, म्हणजे तीन इंच. त्यातले दोन त्यांच्या नसलेल्या बोटांनीच खाल्ले होते. राहिला एक इंच. आबांएवढ्या माणसाला तो एक इंच पुरेसा होता. उंच माणसाला नव्हता. आम्ही तो पंजा हजारदा रंगवला, कॅलेंडरवर छापला, लग्नपत्रिकेवरसुद्धा छापला. चूक काय आहे ते आम्ही स्वतःच्या हातानं प्रत्येक मशिनवर लिहून देत होतो, आणि आमच्यातल्या एकालाही ते वाचता आलं नाही.

बाबा दहा वाजता आले. मी सांगायला लागले तर त्यांनी मला मध्येच तोडलं.

"मह्या बापाच्या हातात खोट काढून राह्यली तू?"

"हातात नाही बाबा. मापात."

"इतके वर्सं झाले. किती मशिना गेल्या. कोनाचा हात गेला सांग मले."

मी रिठद म्हणाले. एवढा एकच शब्द. मला तेव्हा राग आला होता आणि त्यांना लागावं म्हणूनच म्हणाले, हे कबूल करते.

बाबांचा चेहरा लाल झाला. "तो पेला होता," ते म्हणाले. मग छाप्याखाली गेले. मला वाटलं तो काढून फेकतात की काय. त्यांनी आपला उजवा हात वर करून छाप्यावर ठेवला, अंगठ्यावर अंगठा, करंगळीवर करंगळी. त्यांची मधली तीन बोटं छाप्याच्या पुढे, रिकाम्या भिंतीवर गेली. मग त्यांनी हात काढला, खिशातून गाडीची किल्ली काढली आणि माझ्याकडे टाकली.

"पत्रा कापून घे. अर्धा फूट जास्तीचा. चाल."

पाऊण तासात मिस्त्रीकाकांनी जोड कापून घेतला. त्या दिवशी त्यांना सगळं नीट दिसत होतं. ड्रिल, नटबोल्ट, पत्र्याचा जोड पिकअपमध्ये टाकला आणि आम्ही तिघं निघालो. मी चालवत होते, मिस्त्रीकाका दाराशी, बाबा मध्ये, आणि ती पट्टी त्यांच्या मांडीवर. कशाला घेतली ते मी विचारलं नाही.

वाशीम मागे पडेपर्यंत बाबांनी तांड्यावरच्या त्या माणसाला सहा वेळा फोन लावला. मग त्यांनी या हंगामात गेलेल्या मशिनांची यादी मागितली आणि एकेकाला फोन करायला लागले. "मशिन बंद ठेवा जी, दोन दिवस. काहून म्हंजे, आमचा हात कमी पडला. व्हय. चूक आमची. आमी येऊन राह्यलो." प्रत्येकाला हेच. पहिल्या दोन-तीन वेळा 'चूक आमची' म्हणताना त्यांचा आवाज बसला. नंतर नाही बसला. माझे वडील कधी कोणाची माफी मागतात हे मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि ऐकायचं होतं तेव्हा समोर एक ट्रक रस्ता देत नव्हता. मी त्या ट्रकवाल्याला ज्या शिव्या दिल्या त्या बाबांनी ऐकून न ऐकल्यासारख्या केल्या.

मंगरूळपीर गेलं. मानोऱ्याच्या पुढे पोहरादेवीच्या रस्त्याला लागून आम्ही तांड्याकडे वळलो, तेव्हा दोन्हीकडे सुड्यांवर ताडपत्र्या झाकलेल्या होत्या. एकाच शेतातली ताडपत्री काढलेली होती. थ्रेशरचा आवाज आला. माझ्या जिवात जीव आला, कारण मशिन चालतंय म्हणजे सगळं ठीक आहे. लगेच दुसरा विचार आला, की मशिन चालतंय म्हणजेच काही ठीक नाही.

आमच्या मशिनचा आवाज मला झोपेतही कळतो. रिकामं असलं की ते हलकं गुणगुणतं, माल पडला की आवाज जड होतो. तो जड झाला. आणखी जड झाला, रडल्यासारखा. माल अडकत होता. आणि मग एकदम सगळं बंद झालं.

"पळ," बाबा म्हणाले.

मी गाडी बांधावरच सोडली. धसकटं टोचत होती, चप्पल कुठे गेली कळलं नाही. मागे बाबा धापा टाकत येत होते. सत्तरीचा माणूस, हातात पट्टी. मला फक्त एवढंच ऐकायचं होतं की कोणी ओरडत नाहीये. आणि कोणीच ओरडत नव्हतं. त्या शांततेची मला जास्त भीती वाटली.

तो उंच माणूस ट्रॅक्टरजवळ उभा होता. दोन्ही हात कमरेवर. दोन्ही हात होते. मी ते मोजले, खरंच मोजले. तोंडावर एक लहानखुरी म्हातारी उभी होती, डोक्याला फडकं बांधलेलं, आणि ती अडकलेलं सोयाबीन तोंडातून ओढून बाहेर काढत होती.

"या जी," तो आनंदानं म्हणाला, "माल ओला हाय ना, अडकून राह्यला. म्हून बंद केलं."

बाबांनी विचारलं, "तोंडावर... या कोन?"

"माय हाय मही."

"अन तुमी? तुमी काहून नाई तोंडावर?"

त्या माणसाला प्रश्नच कळला नाही. "आता महा हात पुरते ना आतमंदी," तो म्हणाला. "काल तुमच्यासमोरच पाह्यलं. मायचा नाई पुरत. म्या पट्टा काढून दोनदा पाह्यलं तिचा हात घालून. म्हून तिले उभं केलं तोंडावर."

म्हातारी हसली. "पोरगं म्हने, माय, तुले आता ऊस तोडाचा नाई," ती म्हणाली. "नाई तोडला. हे करून राह्यली."

बाबा खाली बसले. सोयाबीनच्या भुसात, पट्टी मांडीवर घेऊन. त्या माणसानं काल खरं सांगितलं होतं. आम्ही हसलो होतो. आणि आमचं हसू गिळून, वाद न घालता, त्यानं आपली आई तिथे उभी केली होती, जिला वर्षभर सुखानं ठेवायचं म्हणून त्यानं हे मशिन घेतलं होतं. मला रडू आलं. मी मिस्त्रीकाकांना ड्रिल आणून देण्याच्या निमित्तानं गाडीकडे गेले.

तासाभरात जोड बसला. बाबांनी त्या माणसाला हात घालायला लावला. मग म्हणाले, खांदा घाला. मग म्हणाले, डोकं टेकवून अजून घाला. तो बिचारा मशिनला मिठी मारल्यासारखा उभा होता.

"पुरला का?"

"नाई पुरला."

"नीट सांगा. हसून नका सांगू."

"नाई जी. लई लांब हाय आता."

म्हातारीनं आम्हाला जेवायला बसवलं. बाबांनी ताटात काही टाकलं नाही.

परत येताना वाशीम आलं, गेलं, आणि रिसोड रस्त्याला लागल्यावर बाबा म्हणाले, "रिठदले थांबव."

मी थांबवलं. मला ते घर माहीत नव्हतं. बाबांना माहीत होतं. न विचारता ते गल्ली वळले. ऊन उतरलं होतं. अंगणात एक बाई तूर पाखडत होती. बाबांनी हाक मारली तसा आतून एक म्हातारा बाहेर आला, आणि दारातून येताना तो वाकला. म्हातारपणानं पाठ वाकली होतीच, तरीही त्याला आणखी वाकावं लागलं.

"बसा," तो म्हणाला. ओळखलं होतं, पण आवाजात काही नव्हतं, ना राग ना आदर.

बाबा बसले नाहीत. त्यांनी पट्टी त्याच्या पायाशी, जमिनीवर ठेवली.

"हे माप चुकीचं हाय," ते म्हणाले. "पयल्यापासून चुकीचं हाय. तुमचा हात पुरला होता. त्या दिसी तुमी पेले नव्हते. म्या गावासमोर खोटं बोललो."

त्या माणसानं पट्टीकडे पाहिलं. उचलली नाही. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून नव्हती आणि त्या हातानं त्यानं दाराची चौकट धरून ठेवली होती. मग तो बायकोकडे वळला.

"आयकलं?" तो म्हणाला.

बाईनं सूप खाली ठेवलं. पदरानं तोंड पुसलं.

"मले तं माहीत होतं," ती म्हणाली. "त्या दिसी तुमाले गाडीत घातलं, तवा मह्या मांडीवर डोकं होतं तुमचं. तोंडाले वास नव्हता. पन यायनं ते लोखंड लावून दाखवलं साऱ्यायसमोर. म्हटलं, लोखंड खोटं कसं बोलन?"

त्यानं चौकटीवरचा हात काढला.

"मंग मले सांगतलं काहून नाई तू?" तो म्हणाला. "एवढे वर्सं? मलेच वाटाले लागलं होतं, पेलोच असन म्या."

प्रश्न तिला होता. मान मात्र आम्ही सगळ्यांनीच खाली घातली.